गरवणे (गोवा)

गरी म्हणजे गळ. गरी पाण्यात सोडून मासा धरणे याला कोकण-गोव्यात गरवणे म्हणतात. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या नद्यांत भरतीचे खारे पाणी बरेच आत चढते. त्यामुळे चोणक (जिताडा), तांबोशी, शेवटे हे मासे थेट खाजनाच्या (खाडीकाठी बांध घालून अडवलेल्या सखल जमिनीच्या) बांधापर्यंत येतात आणि गरवणाऱ्याला होडीची गरज पडत नाही.

नवशिक्याने चिव्याची (बारीक बांबूची) काठी, तंगूस (नायलॉनचा दोरा) आणि लहान गरी एवढ्यावरच सुरुवात करावी. काळुंदर आणि मुडदुशी या लहान माशांना एवढे पुरते. चोणकासाठी मात्र सात-आठ फुटी रॉड आणि खाऱ्या पाण्याला टिकणारे रीळ लागते. पैसे थोडे असतील तर ते रॉडवर न घालता दोरा आणि गरी यांवर घालावेत, कारण मासा सुटतो तो बहुधा तिथेच. चोणकाच्या कल्ल्यावरचे झाकण सुरीसारखे धारदार असते, आणि खडपांवर (किनाऱ्यावरच्या खडकांवर) व कांदळाच्या (खारफुटीच्या) मुळांवर कालवे (धारदार शिंपले) चिकटलेली असतात. म्हणून दोऱ्याच्या टोकाला हातभर जाड नायलॉन जोडतात. त्याला लीडर म्हणतात. प्रत्येक माशानंतर हा लीडर नख आणि बोट यांच्यामधून ओढून पाहावा. जिथे खरखरीत लागेल तिथून तो कापून गाठ नव्याने मारावी. गाठ आवळण्यापूर्वी थुंकीने ओली करतात. कोरडी आवळली तर घासून नायलॉन तापते आणि ऐन ओढीच्या वेळी तिथेच तुटते. आमिषाला जिवंत सुंगट (कोळंबी) उत्तम. घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने धुवून सुकवावे.

साहित्यापेक्षा भरतीचे भान महत्त्वाचे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीपेक्षा वर चढते. ज्या खडपावर कोरड्या पायांनी गेलो, त्याची परतीची वाट दोन तासांत पाण्याखाली जाऊ शकते. म्हणून गरी टाकण्याआधी परतीची वाट पाहून ठेवावी आणि पाव तास नुसत्या लाटा बघाव्यात. काळपट, शेवाळलेला खडक म्हणजे तिथे पाणी येतेच. तिथे उभे राहू नये. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक होड्यांना बंदी असते, काठावरून गरवणाऱ्याला ती लागू होत नाही, पण याच दिवसांत खडपांवर जाणे सर्वांत घातक. त्यापेक्षा आतल्या नदीकाठी, सोबत कुणाला तरी घेऊन बसावे.

खाजनाच्या मानशीजवळ (बांधातल्या पाणी सोडायच्या दाराजवळ) मासे भरपूर असतात. ओहोटीला मात्र आतले सगळे पाणी त्या अरुंद दारातून जोराने बाहेर पडते, आणि त्यात पडलेला माणूस सहज वर येत नाही. मानशीच्या मासेमारीचा लिलाव होतो, त्यामुळे आधी विचारूनच बसावे. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत. तिथे पाण्यात पाय सोडून बसू नये, काठावर मासे साफ करू नयेत. कार्बनच्या रॉडमधून वीज वाहते, म्हणून मे आणि ऑक्टोबरमधले गडगडाट ऐकू येताच रॉड खाली ठेवून आडोसा गाठावा. विजेच्या तारांखाली तो उभा धरू नये.

शिंगाळा (मिशा असलेला काटेरी मासा) गळाला लागला तर हाताने न धरता पक्कडीने गरी काढावी. त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या काट्यांत विष असते. काटा लागलाच तर जखम धुवून सोसवेल एवढ्या गरम पाण्यात अर्धा ते दीड तास बुडवून ठेवतात. त्याने कळ बरीच उतरते. काट्याचा तुकडा आत राहिला असेल तर डॉक्टरकडे जावे.