एप्रिलमध्ये शेगडी का रुसते?

अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात जानेवारीत बाहेर उणे 15 अंश असताना वुड स्टोव्ह, म्हणजे लाकडावर चालणारी धुराड्याची बंद शेगडी, एका काडीत पेटतो. तोच स्टोव्ह एप्रिलच्या ओल्या, गारठलेल्या दिवशी पेटवायला जावं, तर धूर उलटा खोलीत येतो, स्मोक अलार्म कोकलायला लागतो, आणि खिडक्या उघडाव्या लागल्यामुळे घर आधी होतं त्याहून गार होतं. लाकूड तेच, पेटवणारा हात तोच. बदललेली असते ती बाहेरची हवा.

इथल्या बर्लिंग्टन शहरात एप्रिलमध्ये दुपारी सरासरी 12 अंश असतात, पहाटे एक-दोन. बर्फ वितळून कच्च्या रस्त्यांचा राडा झालेला. या दिवसांना इथे 'मड सीझन' असंच म्हणतात. घरभराची हीटिंग चालू ठेवली की दुपारी नकोसं होतं आणि बंद केली की संध्याकाळी हुडहुडी भरते. म्हणजे हवा असतो तो थोडासाच जाळ, आणि नेमका तोच जमवणं अवघड.

सगळी गंमत धुराड्याच्या ओढीत आहे. धुराड्यातली गरम हवा हलकी, बाहेरची थंड हवा जड. तेवढ्याच उंचीच्या या दोन हवांच्या वजनातला फरक धूर वर ढकलतो आणि खालून ताजी हवा आत खेचतो. आपल्याकडचा तांब्याचा बंबही याच जोरावर पेटायचा. आता पाच मीटरचं धुराडं घेऊन हिशेब करू. आग नीट लागून आतला धूर 200 अंशांवर गेला की जानेवारीत ओढ भरते सुमारे 30 पास्कल (पास्कल हे दाब मोजायचं माप) आणि 12 अंशांच्या दिवशी 24. फरक फारसा नाही. पण पेटवायच्या आधी धुराडं खोलीइतकंच, म्हणजे 20 अंशांवर असतं. तेव्हा जानेवारीत 8 पास्कल मिळतात आणि एप्रिलमध्ये जेमतेम पावणेदोन. प्रिंटरचे दोन कागद टेबलावर ठेवले तर त्यांच्या वजनाचा जितका दाब पडेल, तितकीच ही ओढ!

एवढीशी ओढ मोडायला काहीही पुरतं. घट्ट बंद घरात फोडणीसाठी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन लावला की तो हवा खेचणार, आणि ती धुराड्यातून खाली येणार. बंद घर रात्रभरात 16 अंशांवर उतरलंय आणि बाहेर ऊन पडून 20 झालेत, अशा वेळी तर पंखाही लागत नाही. धुराड्यातली गार हवा आपसूकच खाली वाहते.

म्हणून वसंतात आधी धुराडं तापवायचं. पंखा बंद, स्टोव्हजवळची एक खिडकी बोटभर उघडी, हवेची झडप पूर्ण मोकळी. जाड ओंडके तळाशी, त्यावर बारीक फोडी आणि ढलप्या सगळ्यांत वर. काडी लावायची तीही वरच. वरची छोटी ज्योत लगेच धुराडं गरम करते आणि खालची लाकडं सावकाश पेट घेतात. चूल खालून पेटवण्यात हयात गेलेल्या माणसाला हे उफराटं वाटतं, पण धूर खरोखरच कमी होतो.

पुढचा मोह म्हणजे खोली तापल्यावर झडप आवळून आग धुमसत ठेवण्याचा. हा मात्र टाळावाच. लाकूड स्वतः जळतं त्यापेक्षा जास्त त्यातून निघणारा वायू जळतो. लाकडातली अर्ध्याहून अधिक उष्णता त्या वायूतच असते. तो नीट जळायला साधारण 600 अंश लागतात. तो जाळण्यासाठीच नव्या स्टोव्हमध्ये वरच्या छिद्रांतून तापलेली हवा सोडतात. आग रंगात आली की स्टोव्हच्या दाराच्या काचेतून पाहावं: ज्वाळा लाकडाला न शिवता छताच्या छिद्रांपाशी अधांतरी लोंबकळत असतात. झडप आवळली की त्या विझतात, न जळलेला वायू गार धुराड्यात निवून द्रव होतो आणि क्रिओसोटचा काळा चिकट थर बसतो. पुढे एखाद्या दिवशी हा थरच पेटतो, ती धुराड्याची आग. काच काळी पडू लागली की समजावं, थर बसायला लागला. त्यापेक्षा चार बारीक फोडींचा लख्ख जाळ करावा आणि तो विझू द्यावा.

ओल्या लाकडाचंही असंच. ताज्या लाकडात वजनाने निम्मं पाणी असू शकतं. अशा एका किलोत साडेनऊ मेगाज्यूल उष्णता धरली, तर अर्धा किलो पाण्याची वाफ करण्यात जाते सुमारे 1.3, म्हणजे सातवा हिस्सा. हे नुकसान सोसवेल. खरा फटका असा की वाफेमुळे आग 600 अंशांपर्यंत पोचतच नाही आणि वायू तसाच धूर होऊन निघून जातो. म्हणून ओल 20 टक्क्यांच्या आत हवी. ओकच्या लाकडाला त्यासाठी बहुधा दोन उन्हाळे द्यावे लागतात. शेजाऱ्यांच्या फुप्फुसांचाही प्रश्न आहेच. अमेरिकेत 1988 मध्ये स्टोव्हच्या धुरावर देशपातळीवर पहिली मर्यादा आली. 2020 पासून नव्या स्टोव्हला तासाला 2 ग्रॅम सूक्ष्म कणांची मुभा आहे, खऱ्या ओंडक्यांवर चाचणी घेतली तर अडीच. पण हे आकडे प्रयोगशाळेतले. ओलं सरपण कोंबून झडप आवळणाऱ्यापुढे कोणताही स्टोव्ह हतबल आहे.

एवढा खटाटोप कशाला, तर त्या उबेसाठी. स्टोव्हचा 250 अंशांवरचा पत्रा दर चौरस मीटरमागे जवळजवळ चार किलोवॅट उष्णता नुसती किरणांनी फेकतो. ती हवेला फारशी न तापवता थेट अंगावर येते. त्यामुळे खोली 17 अंशांवर असली तरी स्टोव्हसमोर बसलेल्या माणसाला स्वेटर काढावासा वाटतो, आणि पाठ मात्र गारच राहते.

राहिली राख. तिच्यात निखारे कित्येक दिवस जिवंत राहतात, तेव्हा ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेरच ठेवावी. इथे येऊन वसलेल्या युरोपीय लोकांनी जंगल तोडताना अशाच राखेपासून पोटॅश (साबण, काच करायला लागणारा क्षार) करून विकलं. 1790 मध्ये अमेरिकेने दिलेलं पहिलं पेटंटही पोटॅश बनवण्याच्या पद्धतीचंच होतं. पूर्ण विझलेली राख आता वाफ्यात थोडी पसरता येते, कारण इथली माती बहुतेक ठिकाणी आम्लधर्मी आहे आणि राख तो आम्लपणा कमी करते. ब्लूबेरीच्या बुंध्याशी मात्र टाकू नये. तिला आम्लधर्मी मातीच मानवते.