प्रोटॉनवाहक पेरोव्हस्काइट : हायड्रोजन शोषला की पाणी?

१९८१ मध्ये स्ट्रॉन्शियम सेरेट या पेरोव्हस्काइट रचनेच्या (ठरावीक स्फटिकरचना असलेल्या) ऑक्साइडच्या चकतीच्या दोन बाजूंना कमी-जास्त दमट वायू सोडून, मिळालेल्या व्होल्टेजवरून प्रोटॉनवहन, म्हणजे घन पदार्थातून हायड्रोजनच्या धनायनांचे वहन, ओळखले गेले. पुढे बेरियम सेरेट आले. कार्बन डायऑक्साइडपुढे ते टिकेना म्हणून झिर्कोनेट आले. पदार्थात प्रोटॉन किती, हा प्रश्न मात्र थर्मोबॅलन्सवरच (नमुना तापवत वजन मोजणाऱ्या तराजूवरच) सुटत गेला, आणि खरा गुंता तिथेच आहे.

‘हायड्रोजन शोषण’ हा शब्दच दिशाभूल करतो. यिट्रियम मिसळलेले बेरियम झिर्कोनेट वाफ घेते, हायड्रोजन वायू नव्हे. वाफेचा एक रेणू यिट्रियममुळे तयार झालेल्या ऑक्सिजनच्या एका रिकाम्या जागेत शिरतो आणि दोन हायड्रॉक्सिल होतात. झिर्कोनियमच्या जागी २० टक्के यिट्रियम असेल तर पदार्थाच्या प्रत्येक सूत्र-एककामागे जास्तीत जास्त ०.१ रेणू पाणी मावते. म्हणजे ५०० मिलिग्रॅम भुकटीचे वजन फार तर ३.३ मिलिग्रॅमने वाढेल. इथे प्रत्येक प्रोटॉनमागे ९ एकक (अणुवस्तुमानाची एकके) वजन येते, हिशोब सरळ आहे.

२०१५ च्या सुमारास इंधनघटांसाठी कोबाल्ट-लोहाचे पेरोव्हस्काइट कॅथोड चर्चेत आले आणि तो सरळपणा गेला. त्यांच्यात वाफ होलशी (इलेक्ट्रॉनच्या अभावाने उरलेल्या धनप्रभाराशी) विक्रिया करून ऑक्सिजन बाहेर टाकू शकते. मग प्रत्येक प्रोटॉनमागे वाढ फक्त १ एकक. रिकाम्या जागा भरण्याची पहिली वाट गृहीत धरली आणि घडली दुसरी, तर प्रोटॉन नऊपट कमी मोजले जातात. तरीही केवळ वजनवाढीवरून आकडे छापले जातात, हे चुकीचेच आहे. अशा पदार्थात ऑक्सिजनचा अंशदाब किंचित ढळला तरी वजन हलते. म्हणून कोरड्या आणि दमट वायूत तो तंतोतंत सारखा ठेवावा.

शून्य कुठे धरायचे, हेही तितकेच नाजूक. भुकटी कार्बन डायऑक्साइडविरहित कोरड्या वायूत १००० अंशांवर वजन स्थिरावेपर्यंत ठेवावी. उघड्या डबीत राहिलेल्या भुकटीवर कार्बोनेट चढलेले असते आणि ते ४४ एककांनी वजन फुगवते. उत्प्लावकतेची (वायूच्या वर ढकलण्याने वजनात पडणाऱ्या फरकाची) दुरुस्ती करण्यासाठी रिकाम्या क्रुसिबलची तीच फेरी वेगळी घ्यावीच लागते.

मराठवाड्यातल्या प्रयोगशाळेत बबलर (ज्यातल्या पाण्यातून वायू सोडून तो दमट करतात ते पात्र) खोलीच्या तापमानावर सोडणे सर्वांत घातक. २० अंशांना बाष्पदाब २.३ किलोपास्कल, मे महिन्यात परभणीत पाणी ४० अंशांना टेकले की ७.४. शिवाय पुढची नळी वातानुकूलित खोलीतून जात असेल तर वाटेतच थेंब जमतात आणि नमुन्यापर्यंत किती वाफ पोचली ते कळत नाही. बबलर थर्मोस्टॅटमध्ये आणि नळी त्याहून गरम, हे दोन्ही हवे.

प्रोटॉन थेट मोजायचे तर समतोल झाल्यावर साध्या पाण्याऐवजी जड पाण्याची वाफ सोडतात. वाट कोणतीही असो, प्रत्येक प्रोटॉनमागे वजन १ एककाने वाढते. वरच्या भुकटीत सगळ्या जागा भरल्या असतील तर ०.३७ मिलिग्रॅम. मात्र २५ अंशांजवळ जड पाण्याचा बाष्पदाब सुमारे १३ टक्के कमी असतो, म्हणून त्याचा बबलर अडीचेक अंश वर ठेवावा लागतो.