रूळ टाकायला वेळ लागत नाही

स्कॉटलंडमध्ये, एडिंबरातल्या प्रिन्सेस स्ट्रीटवर २००९ साली ट्रामचे रूळ पडले. नोव्हेंबरात रस्ता खुला झाला आणि बसगाड्या त्या रुळांवरून धावू लागल्या. ट्रामचा मात्र अजून पत्ता नव्हता. काही महिन्यांतच रुळांच्या कडेचं डांबर तडकलं, त्याचे तुकडे निघू लागले. २०११ मध्ये तोच रस्ता पुन्हा बंद करून काम नव्याने करावं लागलं. एकही ट्राम धावली नव्हती आणि ट्रामचा मार्ग दुरुस्तीला आला होता.

यावर लोक चिडले आणि भरपूर हसलेही. कामात हलगर्जी होती का? होती. त्याची पुढे रीतसर चौकशीही झाली, तिच्याकडे येतोच. पण शहरामागून शहर ट्राम परत आणायला जातं आणि जवळपास त्याच ठिकाणी अडखळतं, तेव्हा सगळं खापर माणसांवर फोडून भागत नाही. रुळांपासून सुरुवात करून थोडं खाली खणत जाऊ.

रूळ पोलादाचा असतो आणि काँक्रीटच्या जाड थरावर घट्ट बसवलेला असतो, त्यामुळे तो जवळजवळ हलत नाही. त्याला खेटून असलेलं डांबर मात्र उन्हात मऊ पडतं आणि बसच्या चाकाखाली किंचित दबतं. एक ताठ, दुसरा लवचीक, आणि दोघांमध्ये भिंत सामाईक! चाक त्या सीमेवरून गेलं की डांबर खाली जातं, रूळ जागचा हलत नाही, आणि मध्ये केसाएवढी फट पडते. तिच्यात पाणी शिरतं. पुढचं चाक आलं की ते पाणी पिचकारीसारखं दाबलं जातं आणि डांबरातली खडी सुटी करतं. थंड देशांत भर म्हणून रात्री ते गोठतं, आणि गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं. म्हणून रुळाच्या दोन्ही बाजूंना काँक्रीटची पट्टी आणि सांध्यात रबरासारखा लवचीक मसाला भरतात. हा मसाला कोरड्या, स्वच्छ पृष्ठभागावरच धरतो. ओल्यात घाईघाईने भरला तर वर्षभरात सोलून येतो.

रूळ स्वतःही स्वस्थ बसत नाही. पोलाद तापलं की वाढतं. एक किलोमीटर लांबीचा मोकळा रूळ ४० अंशांनी तापला तर जवळपास अर्धा मीटर लांबेल. रस्त्यात पुरलेल्या रुळाला लांबायला जागाच नसते, त्यामुळे ती वाढ ताणाच्या रूपाने आतच कोंडते. तेवढ्याच तापमानफरकाला मीटरमागे ६० किलो वजनाच्या रुळात सुमारे ७५ टनांचा रेटा तयार होतो. पुरलेला रूळ उघड्यासारखा तापत नाही हे खरं, पण म्हणून वाटेल त्या दिवशी, वाटेल त्या तापमानाला जोडून चालत नाही. उन्हाळा आणि हिवाळा दोन्ही सोसेल असं मधलं तापमान बघूनच सांधे जोडावे लागतात.

ही सांधेजोड जवळून पाहण्यासारखी असते. दोन रुळांच्या टोकांमध्ये दोन बोटं मावतील एवढी फट ठेवतात. तिच्याभोवती वाळूचा साचा आवळून बसवतात आणि कडा ओल्या मसाल्याने लिंपतात. मग बर्नरने टोकं नारिंगी होईपर्यंत तापवायची. वर एक मूस ठेवलेली असते, तिच्यात लोहभस्म आणि ॲल्युमिनियमची पूड. काडी लावली की ॲल्युमिनियम लोहभस्मातला ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि अर्ध्या मिनिटात तिथे दोन हजार अंशांच्या वरचा रस खदखदू लागतो. जड पोलाद तळाशी बसतं, हलका मळ वर तरंगतो. मुशीचं बूच वितळतं आणि पोलाद आपोआप फटीत उतरतं. भोवतीचे लोक तोवर चार पावलं मागे सरकलेले असतात. थोड्या वेळाने लालभडक असतानाच वरचा फुगवटा छाटायचा आणि मग घासून गुळगुळीत करायचा. एका सांध्याला तासभर पुरतो. हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८९५ मध्ये या क्रियेचं पेटंट घेतलं, आणि १८९९ मध्ये एसेन शहरात तिचा पहिला व्यावसायिक वापर झाला तो ट्रामच्या रुळांवरच. सव्वाशे वर्षं होऊन गेली, पद्धत मुळात तीच आहे. तिचा शत्रूही तोच, पाऊस. साच्यात ओल राहिली तर क्षणात वाफ होते आणि सांधा आतून सच्छिद्र निघतो. वरून तो छान दिसतो, म्हणून तपासणी ध्वनिलहरींनी करतात. नापास झाला तर कापून पुन्हा.

आता रुळाच्या खाली उतरू. ट्राम वरच्या तारेतून वीज घेते, साधारण ६०० किंवा ७५० व्होल्टची, एकाच दिशेने वाहणारी. ती वीज परत कशातून जाते? रुळांतून. पण ओली माती काही पूर्ण विद्युतरोधक नसते. थोडी वीज रुळातून निसटते, शेजारच्या लोखंडी जलवाहिनीत शिरते, तिच्यातून आरामात काही अंतर जाते आणि वीजकेंद्राजवळ पुन्हा बाहेर पडते. बाहेर पडते त्या जागी ती लोखंडाचे अणूही सोबत घेऊन जाते. हिशोब साधा आहे: एक अँपिअरची गळती वर्षभर चालली तर सुमारे ९ किलो लोखंड विरघळतं. ट्राम चालताना शेकडो अँपिअर ओढते, त्यात एकाची गळती म्हणजे काहीच नाही. आणि विरघळणारं लोखंड सगळ्या पाइपभर सारखं जात नाही, एखाद्या नाण्याएवढ्या जागेवरून जातं. तिथे भोक पडतं.

म्हणून आताचे रूळ रबराच्या जाड वेष्टनात गुंडाळून काँक्रीटमध्ये पुरतात. वेष्टनाला एका जागी चीर गेली, काँक्रीट ओतून झालं आणि मग मापनात गळती दिसली, की ब्रेकर घेऊन ताजं काँक्रीट फोडण्यावाचून गत्यंतर नसतं. बघ्यांना वाटतं, कालच केलेलं आज फोडतायत, डोकं ठिकाणावर आहे का यांचं! असतं बहुधा.

पण वेष्टन कितीही चांगलं असलं तरी ट्रामच्या पट्ट्याखाली जलवाहिन्या, गॅसचे पाइप, केबल ठेवून चालत नाही. उद्या पाइप फुटला तर बस शेजारच्या गल्लीतून वळवता येते, ट्राम कुठून वळवणार? म्हणून पहिला रूळ पडण्याआधी खालचा सगळा संसार बाजूला हलवावा लागतो. उशिराचं घर इथे आहे.

कारण त्या संसाराचा धड नकाशा कोणाकडेच नसतो. वाहिन्या शंभर-दीडशे वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी टाकलेल्या असतात. जुन्या नकाशावर ‘भिंतीपासून सहा फूट’ असं लिहिलेलं असतं आणि ती भिंत पन्नास वर्षांपूर्वीच पडलेली असते. जमिनीत डोकावणारं रडार असतं, पण ओली चिकणमाती त्याच्या लहरी गिळून टाकते, प्लॅस्टिकचा पाइप जेमतेम दिसतो आणि एकावर एक चार केबल असतील तर त्यांची एकच सावली उमटते. मग चाचणी खड्डे खणून बघणं आलं. एखाद्या खड्ड्यात बिडाचा जाडजूड पाइप निघतो. कुठल्याच नकाशात नाही, कोणीच त्याला आपला म्हणत नाही. तो मेलेला आहे असं सिद्ध होईपर्यंत जिवंतच धरायचा हा नियम. सिद्ध व्हायला किती दिवस लागतील ते कामाच्या वेळापत्रकात कुठेच नसतं. शिवाय अनेक शहरांनी जुनी ट्राम बंद केली तेव्हा रूळ उपसण्याचे कष्ट न घेता वर डांबर ओतून मोकळी झाली. त्यामुळे नव्या ट्रामच्या वाटेत कित्येकदा जुनी ट्रामच आडवी येते.

एडिंबरात हे सगळं घडलं. तिथली जुनी ट्राम नोव्हेंबर १९५६ मध्ये बंद पडली होती. नवीचं काम सुरू झाल्यावर हलवायच्या वाहिन्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त निघाल्या. रूळ टाकणारे येऊन उभे, पण खालची जागा मोकळी नाही. मग खर्च कोणाच्या माथी यावर भांडण. मार्ग २०११ मध्ये सुरू व्हायचा होता, तो ३१ मे २०१४ ला सुरू झाला. निधीची मर्यादा ५४ कोटी ५० लाख पौंड होती, खर्च झाला ७७ कोटी ६० लाख, आणि तोही न्यूहेवनपर्यंतचा मार्ग छाटून यॉर्क प्लेसलाच थांबवल्यावर. लॉर्ड हार्डी यांच्या चौकशीचा अहवाल आला सप्टेंबर २०२३ मध्ये. मार्ग बांधायला जेवढा वेळ लागला त्याहून जास्त वेळ तो का रखडला हे शोधायला लागला. अहवालाने दोष प्रामुख्याने नगर परिषद आणि तिच्या कंपन्यांवर ठेवला.

सिडनीचीही कथा याच वळणाची. १९६१ मध्ये ट्राम मोडीत काढलेल्या या शहराने जॉर्ज स्ट्रीटवर २०१५ मध्ये पुन्हा खोदकाम सुरू केलं. जमिनीखालच्या विजेच्या चेंबरांचं नेमकं काय करायचं यावरून कंत्राटदार आणि सरकार कोर्टात गेले. २०१९ मध्ये सरकारने ५७ कोटी ६० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर देऊन ते मिटवलं आणि त्याच वर्षी डिसेंबरात पहिली ट्राम धावली.

एक वाहिनी अडकल्याने सगळं का अडावं? इथे साधं गणित उपयोगी पडतं. समजा रस्त्याच्या एका तुकड्यात दहा वाहिन्या हलवायच्या आहेत आणि प्रत्येक वेळेत हलण्याची शक्यता ९० टक्के आहे. ऐकायला किती छान! पण रूळ तेव्हाच पडणार, जेव्हा दहाही हलतील. ०.९ ला स्वतःनेच दहा वेळा गुणत गेलं की उरतात जेमतेम ३५ टक्के. म्हणजे प्रत्येक जण बऱ्यापैकी वक्तशीर असूनही तीनपैकी दोन तुकडे रखडणार. त्यात या वाहिन्या एकमेकींपासून स्वतंत्रही नसतात. गॅसवाल्यांचं झाल्याशिवाय पाण्यावाल्यांना चर मिळत नाही, आणि केबलवाला तारेला तार जोडत बसलेला असतो तोवर कोणालाच खड्डा बुजवता येत नाही.

एडिंबराने २०१९ मध्ये न्यूहेवनचा उरलेला तुकडा हाती घेतला तेव्हा पद्धत बदलली. प्रत्येक मोठा टप्पा एकदाच बंद करायचा, एकदाच खणायचा, वाहिन्यांपासून रुळांपर्यंत सगळं उरकूनच उघडायचा. तरी जमिनीने आपला वाटा घेतलाच. शहराच्या लीथ भागातल्या कॉन्स्टिट्यूशन स्ट्रीटवर चर्चच्या जुन्या दफनभूमीचा काही भाग रस्त्याखाली गेलेला होता, तिथे १३०० ते १६५० या काळातल्या ३६० हून अधिक माणसांचे सांगाडे निघाले. ते ब्रशने एकेक साफ करून उचलावे लागतात, तिथे जेसीबी चालत नाही. मध्ये कोविडची टाळेबंदीही आली. तो मार्ग जून २०२३ मध्ये, ठरलेल्या खर्चात सुरू झाला.

मुळात असलेला मार्ग पुन्हा उभा करणं तरी सोपं असावं, असं वाटतं. न्यू ऑर्लिन्सला विचारा. ऑगस्ट २००५ मध्ये कॅटरिना वादळ आलं. सेंट चार्ल्स मार्गाचे १९२० च्या दशकातले हिरवे डबे उंच भागातल्या शेडमध्ये होते, ते वाचले. पण त्यांच्या मार्गावर झाडं कोसळून वरच्या तारांची वाट लागली. कॅनॉल मार्गाचं उलट झालं. वर्षभरापूर्वीच नव्याने सुरू झालेल्या त्या मार्गाचे लाल डबे शेडमध्येच पुरात बुडाले, मार्ग मात्र लवकर सावरला. एकीकडे डबे होते, मार्ग नव्हता. दुसरीकडे मार्ग होता, डबे नव्हते. सुदैवाने दोन्हीकडे रुळांमधलं अंतर सारखंच, ५ फूट अडीच इंच. ते जगात फार कमी ठिकाणी सापडतं, म्हणून बाहेरून उसने डबे आणणं अवघडच होतं. डिसेंबर २००५ मध्ये म्हातारे हिरवे डबे कॅनॉल मार्गावर धावू लागले. सेंट चार्ल्स मार्ग तुकड्यातुकड्याने उघडत गेला, शेवटचा तुकडा जून २००८ मध्ये.

टोरांटोच्या सेंट क्लेअर रस्त्याला तर मध्येच कोर्टाने थांबवलं. १९१३ मध्ये तिथे ट्रामला रस्त्याच्या मधोमध स्वतंत्र पट्टी होती, पुढे ती मोटारींसाठी काढून टाकली. मग तीच पट्टी परत करायचं ठरलं, २००५ मध्ये रहिवासी कोर्टात गेले, काम काही महिने बंद पडलं, आणि पूर्ण व्हायला ३० जून २०१० उजाडला. खर्च दुपटीहून जास्त झाला. पण या शहराने एक गोष्ट शहाणपणाची केली होती. १९९० च्या दशकापासून ते रुळांखालचं काँक्रीट थरांमध्ये ओततात. रूळ झिजले की फक्त वरचा थर फोडायचा, खालच्याला हात लावायचा नाही. म्हणजे पुढच्या पिढीचं पुनर्बांधणीचं काम याच पिढीने अर्धं करून ठेवायचं. त्याची फीत मात्र कोणीच कापत नाही.

हे सगळं पार पडलं की पहिली ट्राम येते, बहुतेक वेळा रात्री, माणूस चालेल त्या वेगाने. कुठे काही अडतं का हे पाहायला बऱ्याच ठिकाणी डब्याच्या दोन्ही अंगांना फोमचे ठोकळे चिकटवतात. हातात टॉर्च घेऊन दोन-तीन माणसं सोबत चालतात. फलाटाच्या कडेला फोम घासला गेला की शिट्टी होते, गाडी थांबते, कोणीतरी वाकून खडूने खूण करतं. खुणा मोजून होईपर्यंत उजाडतं, आणि मग त्या खुणांवर पुन्हा ब्रेकर लावतात.