फ्लेवर्ड सायडर आणि ब्रीझर: गुण देताना एका पंक्तीत बसवू नका

इंग्लंडहून किंवा बंगळुरूहून सुट्टीला आलेल्या भाच्याच्या बॅगेतून हल्ली इंदूरच्या मराठी घरांतही सायडरच्या, म्हणजे सफरचंदाचा रस आंबवून केलेल्या पेयाच्या, बाटल्या निघतात. स्ट्रॉबेरी-लाइम, मिक्स बेरी, पेअर (नाशपाती). मंडळी जमतात, ग्लास भरले जातात, आणि पहिल्याच घोटाला कुणीतरी म्हणतं, "अरे, हे तर ब्रीझरच!" गैरसमज होण्यासारखाच आहे. रंग तसाच, गोडी तशीच, वर फेस नसलेला गॅस, आणि अल्कोहोल दोन्हींत चार-पाच टक्क्यांच्या घरात. तरीही घरी चाखून गुण द्यायचा खेळ मांडला आणि या दोन्हींना एकाच कागदावर गुण दिले की एकावर अन्याय होतो, आणि माझ्या पाहण्यात तो बहुतेक वेळा सायडरवरच होतो. ज्यात सगळ्यात जास्त स्ट्रॉबेरी "लागते" तेच पहिलं येतं, आणि ज्यात सफरचंदानं खरं काम केलं आहे ते मागे पडतं.

फरक सुरू होतो तो अल्कोहोल कुठून येतं इथून. सायडरमध्ये सफरचंदाचा रस आंबवतात. रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतं. रसात साखर 10 ते 13 टक्के असेल तर ती पूर्ण आंबल्यावर अल्कोहोल साधारण 5 ते 7 टक्के होतं. म्हणजे नशा आणि चव दोन्ही त्या एकाच फळातून आलेली असतात. आंबताना नवे गंध तयार होतात, सफरचंदातलं तीव्र मॅलिक आम्ल पुढे काही सायडरींत जिवाणूंमुळे सौम्य लॅक्टिक आम्लात बदलतं, आणि सालीगरातला तुरटपणा तळाशी टिकून राहतो. ब्रीझरच्या जातीच्या पेयात अल्कोहोल आधीच वेगळं तयार झालेलं असतं. बकार्डीनं आपलं ब्रीझर रमच्या पायावर उभं केलं. काही देशांत अशी पेयं माल्टच्या किंवा व्होडकाच्या पायावर करतात. त्यात पाणी, साखर, सायट्रिक आम्ल, फ्लेवर, रंग आणि गॅस मिसळला की पेय तयार. इंग्रज याला अल्कोपॉप म्हणतात. यात कमीपणा काही नाही, पण ही मिसळण्याची कला आहे आणि तिची पारख मिसळण्याच्या कसोटीवर व्हायला हवी.

(स्वयंपाकघरातलं ॲपल सायडर व्हिनेगर हे तिसरंच प्रकरण. तिथे सायडरमधल्या अल्कोहोलचंही जिवाणूंनी ॲसिटिक आम्ल करून टाकलेलं असतं. आत्या-मावश्यांना हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.)

खरा गोंधळ होतो तो फ्लेवर्ड सायडरमुळे, कारण ती या दोघांच्या मधल्या ओट्यावर बसलेली असते. सफरचंदाच्या सायडरमध्ये दुसऱ्या फळाची चव आणायचे मार्ग मुख्यतः तीन. पहिला, दुसऱ्या फळाचा रस सफरचंदाबरोबरच आंबवायचा. दुसरा, सायडर तयार झाल्यावर फळाचा रस घालायचा. तिसरा, नुसता फ्लेवर आणि साखर घालायची. ऐकायला पहिला मार्ग सगळ्यात प्रामाणिक वाटतो, पण त्यात एक अडचण आहे. यीस्ट स्ट्रॉबेरीची साखरही खाऊन टाकतं, बाहेर पडणाऱ्या वायूबरोबर नाजूक सुवास उडून जातात, रंग फिका पडतो, आणि उरतो तो आंबटपणा आणि फळाची पुसट आठवण. म्हणून पुष्कळ उत्पादक दुसऱ्या मार्गानं जातात आणि ती गोडी बाटलीत पुन्हा आंबू नये म्हणून पाश्चरायझेशन करतात, बारीक गाळतात किंवा यीस्टची वाढ रोखणारं सॉर्बेट वापरतात. तेव्हा सायडर गोड आहे, फळाचा वास ठसठशीत आहे, एवढ्यावरून तिला खोटी ठरवू नका. तिसऱ्या मार्गाच्या बाटल्या मात्र चवीला अल्कोपॉपच्या अगदी दाराशी पोचतात.

कायद्यालाही ही सीमारेषा आखावी लागली आहे. ब्रिटनमध्ये सायडर म्हणून कर भरायचा तर किमान 35 टक्के सफरचंदाचा किंवा पेअरचा रस लागतो आणि अल्कोहोल 8.5 टक्क्यांच्या खाली असावं लागतं. त्यात स्ट्रॉबेरीचा रस किंवा फ्लेवर घातला की करापुरती ती सायडर राहत नाही, तिचं खातं बदलतं. अमेरिकेतही हार्ड सायडरचा सवलतीचा दर हवा असेल तर सफरचंद आणि पेअर सोडून दुसऱ्या फळाचा रस किंवा फ्लेवर चालत नाही. बाटलीवरचं नाव दुकानात तेच राहतं. सरकारी वहीत मात्र ती वेगळ्या पानावर असते.

आता चवीकडे येऊ. अमेरिकेत बिअर, मीड (मध आंबवून केलेलं पेय) आणि सायडरचे परीक्षक तयार करणारी बीजेसीपी नावाची संस्था आहे. फळ घातलेल्या सायडरसाठी तिच्या निकषांत परीक्षकानं स्वतःला विचारायचा एक प्रश्न दिलेला आहे: यातल्या सायडरच्या जागी बिनचवीचं अल्कोहोल घातलं असतं, तर काही फरक पडला असता का? फरक पडला नसता असं वाटलं, तर तो दोष. फळाची सायडर अल्कोपॉपसारखी लागू नये, असं तिथे स्पष्ट म्हटलं आहे. मला या सगळ्या विषयाचं सार या एका प्रश्नात दिसतं. गुणपत्रिका नंतर काढा, आधी हा प्रश्न विचारा.

पण त्याचं उत्तर द्यायला सायडरमधलं सफरचंद ओळखता यायला हवं, आणि तिथे आपण इंदूरकर जरा अडतो. चोइथराम मंडीत काश्मीर-हिमाचलहून येणारं लालबुंद डेलिशस हे आपलं सफरचंद. ते गोड, आंबटपणा कमी, तुरटपणा जवळजवळ नाही. सायडरची पारंपरिक सफरचंदं निराळीच. इंग्लंडच्या लाँग ॲश्टन संशोधन केंद्रातल्या बार्कर यांनी 1903 मध्ये त्यांची आम्ल आणि टॅनिन (तुरटपणा देणारं द्रव्य) यांवरून चार गटांत विभागणी केली: गोड, आंबट, तुरट-गोड आणि तुरट-आंबट. तुरट गटातलं फळ चावून खाववत नाही, पण सायडरला अंगबांधणी त्यानंच येते. म्हणून "यात सफरचंद लागतच नाही" असा शेरा मारण्याआधी योग्य जागी शोधा. जिभेच्या कडांना झोंबणारा आंबटपणा आहे का? घोट गिळल्यावर, जास्त उकळलेल्या चहानंतर होतात तशा हिरड्या किंचित आवळल्या जातात का? नाकात साल, मध, ओल्या पानांसारखं काही येतं का? साध्या खाण्याच्या सफरचंदांच्या सायडरमध्ये टॅनिन कमी असतं, तिथे निदान आंबटपणा तरी सापडायला हवा. पेअरच्या पेयाला, म्हणजे पेरीला, ही कसोटी लावताना थोडं सैल राहा: पेअरमध्ये सॉर्बिटॉल असतं, ते यीस्टला पचत नाही, त्यामुळे पूर्ण आंबलेल्या पेरीतही मंद गोडी उरते. ती कुणी वरून घातलेली नसते.

घरी करता येतील अशा दोन परीक्षा मी नेहमी सांगते. पहिली नाक दाबून. चिमटीत नाक धरा, घोट घ्या, तोंडात फिरवा. स्ट्रॉबेरी गायब होते, कारण ती नाकाची गोष्ट आहे. जिभेवर उरतात गोड, आंबट, कडू आणि तुरट. मग नाक सोडा. ही परीक्षा फार डोळे उघडते. पुष्कळ फळांच्या सायडर "किती गोड!" वाटतात, पण नाक दाबल्यावर कळतं की गोडी बेताचीच आहे, आपण फळाच्या वासाला गोड म्हणत होतो. उलट अल्कोपॉपमध्ये नाक बंद केलं की बहुधा साखर आणि लिंबूफूल एवढंच हाती लागतं.

दुसरी परीक्षा गॅस गेल्यावरची. अर्धा ग्लास वीस-तीस मिनिटं तसाच ठेवा आणि मग चाखा. गार असताना आणि गॅस असताना सगळंच तरतरीत लागतं. थंडी गोडी आणि वास दाबते, कार्बन डायऑक्साइडची चुणचुण आंबटपणाचा आव आणते. ती दोन्ही गेली की चांगली सायडर पातळ वाइनसारखी तरी उभी राहते. मिसळलेलं पेय सरबताच्या पाकाकडे झुकतं. मे महिन्यात इंदुरात ही परीक्षा फार लवकर उरकते, तेव्हा ग्लास खिडकीपाशी ठेवू नका. एरवी चाखताना बाटली फ्रिजमधून दहा-पंधरा मिनिटं आधी काढावी. 8 ते 12 अंशांच्या आसपास सायडर बोलायला लागते. बर्फ मात्र टाकू नये.

रंगाचाही बंदोबस्त करा. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या बोर्दोच्या प्रयोगात पांढऱ्या वाइनला लाल रंग दिला, तेव्हा वाइनचं शिक्षण घेणाऱ्यांनीही तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. आपल्याकडे उपाय सोपा आहे: पहिला वास आणि पहिला घोट स्टीलच्या पेल्यातून. बाटल्या नईदुनिया वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून वर आकडे घाला, आणि ओतणाऱ्या वहिनींनी त्या फेरीत गुण द्यायचे नाहीत. कोरडी, म्हणजे गोडी न उरलेली, आधी; गोड नंतर. प्रत्येकी पन्नास मिली पुरे, 4.5 टक्क्यांच्या 330 मिली बाटलीत सुमारे 15 मिली शुद्ध अल्कोहोल असतं आणि गोडीमुळे ते जाणवत नाही. मध्य प्रदेशात वयाची अट 21 ची आहे, ती घरातही पाळावी, आणि घरी परतायला गाडी चालवणाऱ्यांनी नुसतं वासावर भागवावं.

शेव-पोहे नंतर. जिरावन मसाला आणि लौंग सेव जिभेवर बसली की पुढचा अर्धा तास ती काही ऐकत नाही, आणि अल्कोहोल व गॅस तिखटाची आग वाढवतात. मधे साधं पाणी आणि पोळीचा तुकडा, बस. गुण देऊन झाले की खुशाल खा. हिवाळा असेल तर तळलेल्या गराडूवर (कंदाच्या फोडींवर) लिंबू पिळून कोरडी सायडर घ्या: तिचा आंबटपणा तेल कापतो. तिखट शेवेबरोबर मात्र अल्कोपॉपच सरस ठरतं, साखर आग विझवते, आणि हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

गुणांचे कागद दोन ठेवा. सायडरसाठी बीजेसीपीची 50 गुणांची वाटणी सोयीची आहे: वास 10, रूप 6, चव 24, एकूण परिणाम 10. दोषांकडे नीट बघा. सडक्या अंड्याचा वास, व्हिनेगरची झाक, ओल्या पुठ्ठ्यासारखा शिळेपणा, हे आंबवण्यात किंवा साठवण्यात झालेल्या बिघाडाचे पुरावे आहेत आणि त्यांचे गुण कापावेत. अल्कोपॉपमध्ये आंबवण्याचे दोष सहसा येतच नाहीत, म्हणून "स्वच्छ आहे" या कारणासाठी त्याला वेगळं बक्षीस नको. त्याच्या कागदावर वेगळे प्रश्न लिहा: साखर आणि आम्ल एकमेकांना तोलतात का, फळाचा वास ताज्या फळाचा आहे की खोकल्याच्या औषधाचा, तिसऱ्या घोटालाही पुढचा घ्यावासा वाटतो का. सफरचंदाबद्दल त्याला विचारूच नका.

आणि एखादी बाटली सायडर म्हणवते, पण त्या बिनचवीच्या अल्कोहोलच्या प्रश्नात नापास होते. अशा वेळी कागद बदला. तिला अल्कोपॉपच्या कागदावर गुण द्या आणि शेजारी कारण लिहून ठेवा. तिथे तिला चांगले गुण पडले, तर तेही पूर्ण मनानं द्या.