शिकल्याने पगार वाढतो का? या प्रश्नाची पार्श्वभूमी

इंग्लंडमध्ये १५६३ च्या कायद्याने कारागिरांवर सात वर्षांची उमेदवारी, म्हणजे उस्तादाच्या हाताखाली राबून काम शिकणं, सक्तीची केली. अर्थतज्ज्ञ ॲडम स्मिथला ही सक्ती पटत नव्हती. घड्याळ बनवण्यासारखं नाजूक कामही शिकायला इतकी वर्षं लागत नाहीत, असं त्याने १७७६ मध्ये ‘वेल्थ ऑफ नेशन्स’ या ग्रंथात लिहिलं. त्याच ग्रंथात त्याने शिकलेल्या माणसाची तुलना महागड्या यंत्राशी केली: शिकण्यावर घातलेला खर्च जादा मजुरीतून वसूल व्हायला हवा. उमेदवारीची सक्ती १८१४ मध्ये उठली, पण यंत्राची उपमा टिकली.

अमेरिकन अर्थतज्ज्ञ गॅरी बेकरने १९६४ मध्ये हाच धागा पुढे नेला आणि खर्च कोण करणार, हे विचारलं. वेल्डिंग शिकलेला कामगार उद्या दुसऱ्या कारखान्यात जाऊ शकतो, म्हणून मालक त्यावर पैसे घालायला कचरतो आणि शिकाऊ उमेदवार कमी पगारावर राबून ती किंमत स्वतः मोजतो. एकाच कारखान्यातल्या खास यंत्राचं प्रशिक्षण मात्र मालक देतो, कारण ते बाहेर कुठे चालत नाही. १९७३ मध्ये मायकेल स्पेन्स या अर्थतज्ज्ञाने वेगळीच शंका काढली: पदवीने कामाची कुवत वाढतच नसेल, ती फक्त आधीपासूनची कुवत दाखवत असेल तर? हाताला काम येणारे पण कागद नसलेले किती जण दारातूनच परत जातात, हे पाहिलं की ही शंका मला फार खरी वाटते.

खरी अडचण मोजमापात होती. अमेरिकेतल्या सरकारी प्रशिक्षणाचे आकडे तपासताना अर्थतज्ज्ञ ओर्ली ॲशेनफेल्टरला १९७८ मध्ये दिसलं, की वर्गात येण्याआधीच प्रशिक्षण घेणाऱ्यांची कमाई घसरलेली होती. साहजिकच आहे, नोकरी गेली, तास कमी झाले, म्हणूनच माणूस तिथे येतो. पुढे कमाई सावरली, तर त्यातलं किती प्रशिक्षणामुळे आणि किती एरवीही सावरलं असतं? १९८६ मध्ये रॉबर्ट लालोंडने एका अशा कार्यक्रमाचे आकडे घेतले, जिथे जागा सोडत काढल्यासारख्या दिल्या होत्या. जागा मिळालेले आणि न मिळालेले यांची थेट तुलना करून आलेलं उत्तर आणि कार्यक्रमाबाहेरच्या लोकांशी तुलना करणाऱ्या प्रचलित संख्याशास्त्रीय पद्धतींचं उत्तर यांत बरेचदा मोठी तफावत निघाली.

अलीकडे, २०१७ मध्ये, एरिक हानुशेक आणि सहकाऱ्यांनी अनेक देशांची आकडेवारी एकत्र ठेवली. व्यवसाय शिकलेल्यांना सर्वसाधारण शिक्षण घेतलेल्यांपेक्षा तरुणपणी नोकरी लवकर मिळते, पण वय वाढेल तशी ही आघाडी ओसरते. त्यामुळे आता चर्चा पन्नाशीतल्या कामगाराला पुन्हा शिकवण्यावर आली आहे, आणि ते पैसे कोण भरणार हा बेकरचा प्रश्नही तिथे तसाच उभा आहे.