पहिलं मॉडेल स्वतः घडवताना: कोणती हत्यारं आधी, कोणती नंतर

तयार भागांचं किट न घेता प्लास्टिक शीट, लाकडाच्या पट्ट्या, पुठ्ठा असं साहित्य आणायचं आणि प्रत्येक भाग स्वतः मोजून, कापून मॉडेल उभं करायचं, याला स्क्रॅचबिल्डिंग म्हणतात. नव्याने सुरुवात करणारे ग्राहक आमच्याकडे बहुधा आधी छोटं इलेक्ट्रिक रोटरी मशीन मागतात. ते आम्ही विकतो, तरी पहिल्या खेपेला घेऊ नका असंच सांगतो. मॉडेलसाठी वापरतात ती स्टायरीन नावाच्या प्लास्टिकची शीट साधारण १०० अंश सेल्सिअसला मऊ पडते. मशीनच्या टोकाला बसवलेलं, वेगाने फिरणारं बिट (कापायचं किंवा भोक पाडायचं टोक) घर्षणाने तेवढं सहज तापतं, मग प्लास्टिक कापलं न जाता वितळून बिटालाच चिकटतं. हात बसल्यावर हे मशीन उपयोगी पडतं, सुरुवातीला मात्र त्याने नुकसानच जास्त होतं.

आधी मापाची हत्यारं घ्या

१:७२ प्रमाणात पावणेदोन मीटर उंचीचा माणूस जेमतेम २४ मिलिमीटरचा होतो. म्हणजे तुमची अर्ध्या मिलिमीटरची चूक खऱ्या वस्तूत ३६ मिलिमीटरची. १:३५ मध्ये तीच चूक साडेसतरा मिलिमीटरवर येते, म्हणून पहिलं मॉडेल थोड्या मोठ्या प्रमाणात केलेलं बरं. चार भिंतींचं साधं घर घ्या. प्रत्येक भिंत अर्धा मिलिमीटर इकडे-तिकडे झाली तरी छप्पर बसत नाही, आणि दोष मात्र गोंदाला दिला जातो.

स्टीलची पट्टी हवीच, १५० मिलिमीटरची चालेल. प्लास्टिकच्या पट्टीची कड ब्लेडने सोलली जाते आणि पुढची प्रत्येक रेघ वाकडी येते. स्टीलची पट्टी कापताना सरकते ही तक्रार खरी आहे. मागच्या बाजूला मास्किंग टेपच्या दोन पट्ट्या लावा, सरकणं बरंच कमी होतं.

धातूचा गुण्या घेताना तो दुकानातच तपासून घ्या, आम्हाला राग येणार नाही. शीटच्या सरळ कडेला गुण्या टेकवून रेघ मारा. मग तो उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी रेघ मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर पडल्या तर काटकोन बरोबर. फाकल्या तर जेवढं अंतर दिसतं त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे.

कॅलिपरने शीटची जाडी आणि छोट्या भागांची मापं नेमकी कळतात, पण तो महिनाभर उशिरा घेतला तरी चालेल. तोवर कंपासपेटीतलं कर्कटक वापरा. एकाच मापाच्या दहा खिडक्या आखायच्या असतील तर दहा वेळा पट्टी वाचण्यापेक्षा कर्कटक एकदा लावून दहा वेळा टेकवणं जास्त अचूक. शाळा सुटल्यापासून ते पेटीत नुसतं पडून असतं.

सुरी आणि ब्लेड

३ नंबरची मूठ आणि ११ नंबरची टोकदार ब्लेड, ही जोडी बहुतेक कामांना पुरते. पैसे ब्लेडवर खर्च करा, मुठीवर नको. बोथट ब्लेडला जोर लावावा लागतो, जोर लावला की ते घसरतं, आणि घसरलं की बोट कापतं. धार गेल्याची शंका आली तरी बदला.

स्टायरीन आरपार कापायचं नसतं. पट्टी धरून हलक्या हाताने दोन-तीनदा चीर पाडा आणि चीर उघडेल अशा दिशेने वाकवा, शीट सरळ तुटते. एक मिलिमीटरपर्यंतच्या शीटला एवढं पुरतं, त्याहून जाड असेल तर चिरा वाढवा. चिरेच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची बारीक कड वर येते. ती ब्लेडच्या पाठीने खरवडून काढा, नाहीतर जोड घट्ट बसत नाही. बाल्सासारख्या मऊ लाकडाला मात्र आरपारच कापावं लागतं, आणि तेही ताज्या ब्लेडने, कारण बोथट ब्लेड लाकडाचे तंतू कापण्याऐवजी ते चिरडतं.

खाली कटिंग मॅट हवी. ती उन्हात ठेवू नका, वाकते. जोडणी मात्र मॅटवर न करता जाड काचेच्या तुकड्यावर करा, काच सपाट असते. काचेवर कापू नका, ब्लेडची धार लगेच जाते.

घासणं, भोकं, चिकटवणं

वॉटरप्रूफ पॉलिश पेपर २४०, ४००, ६०० आणि १००० नंबरचे घ्या आणि सपाट पट्टीवर चिकटवून वापरा. नुसत्या बोटाने घासलं की कडा गोल होतात. पाण्यासोबत घासलं तर धूळ उडत नाही. छोट्या कानशींत चपटी, गोल आणि त्रिकोणी पुरेत.

भोकांसाठी बोटांनी फिरवायचं हातड्रिल आणि अर्धा ते दोन मिलिमीटरची बिटं घ्या. भोक पाडण्याआधी सुईने खूण खोल करा, नाहीतर बिट भटकतं. बारीक टोकाचा चिमटा लागतोच.

गोंद साहित्य बघून निवडा. स्टायरीनला पातळ लिक्विड सिमेंट. दोन्ही भाग एकमेकांना टेकवून ब्रशने सांध्यावर लावलं की ते आपोआप आत ओढलं जातं आणि प्लास्टिक विरघळवून भाग एकजीव करतं. सांधा घासण्याआधी रात्रभर थांबा. लाकूड आणि पुठ्ठ्यावर ते चालत नाही, तिथे पांढरा गोंद. धातू प्लास्टिकला जोडायला सायनोॲक्रिलेट, म्हणजे सुपर ग्लू. ही कामं खिडकी उघडी ठेवून करा. कापताना, तोडताना चष्मा घाला. जुनी ब्लेड झाकणाच्या डब्यात टाका, कचऱ्याच्या पिशवीत सुटी नकोत.

रेझर सॉ (बारीक दातांची करवत), मायटर बॉक्स (ठरावीक कोनात कापायचा साचा), क्लॅम्प यांची यादी कितीही वाढेल. ती आत्ताच करू नका. पहिल्या मॉडेलमध्ये कुठे अडलं ते वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी वही घेऊन या. आराखडा, त्याचं प्रमाण आणि वापरलेल्या शीटचा एखादा तुकडा सोबत असला तर आम्हाला नेमकं हत्यार काढून देता येतं. कधीकधी तुकडा पाहूनच कळतं की हत्यार नको होतं, फक्त ब्लेड बदलायचं राहिलं होतं.