रेडिएशननंतरचा पेट-सीटी : केव्हा करावा, त्यातून काय कळते

नमस्कार,

रेडिएशन संपले की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, ‘गाठ गेली का?’ अनेकदा त्याच आठवड्यात पेट-सीटीची तारीख मागायला फोन येतो. ही घालमेल आम्ही रोज पाहतो. तरीही डॉक्टरांनी तातडीचे कारण लिहिलेले नसेल, तर आम्ही थांबायला सांगतो. त्यामागचे कारण या पत्रकात दिले आहे.

साध्या सीटी स्कॅनमध्ये गाठीचा आकार दिसतो, तर पेट-सीटीत गाठ किती साखर ओढते आहे तेही दिसते. बहुतेक कर्करोगपेशी आसपासच्या निरोगी पेशींपेक्षा कितीतरी जास्त ग्लुकोज वापरतात. जर्मन शास्त्रज्ञ ओटो वारबुर्ग यांनी १९२०च्या दशकात हे दाखवून दिले. म्हणून शिरेतून एफडीजी हे ग्लुकोजसारखे, अल्प किरणोत्सर्गी औषध देतात. ते जिथे साठते ती जागा पडद्यावर उजळते. उपचारांनंतर गाठीच्या जागी नुसता व्रण उरला, तरी सीटीत तो गाठीसारखा दिसू शकतो. पण मेलेल्या पेशी साखर ओढत नाहीत, आणि नेमका हाच फरक पेट-सीटीत कळतो.

मग घाई का नको? रेडिएशन घेतलेल्या पेशी त्याच दिवशी मरत नाहीत. बऱ्याचशा पेशी पुढच्या काही आठवड्यांत, विभागायला जातात तेव्हा मरतात. शिवाय त्या भागाला सूज असते आणि सूज भरून काढायला आलेल्या पांढऱ्या पेशीही साखर खातात. त्यामुळे लवकर केलेला स्कॅन रोग नसतानाही उजळू शकतो. घर हादरते, आणि कधीकधी आधीच भाजलेल्या, सावकाश भरून येणाऱ्या जागेची विनाकारण बायोप्सी होते. तोंड-घशाच्या कर्करोगात रेडिएशन संपल्यावर साधारण १२ आठवडे थांबावे. इतर अवयवांसाठी मुदत वेगळी असू शकते, ती तुमचे डॉक्टर सांगतील.

या १२ आठवड्यांना भक्कम आधार आहे. मानेतल्या गाठींपर्यंत पसरलेल्या तोंड-घशाच्या कर्करोगाच्या ५६४ रुग्णांचा ब्रिटनमधला ‘पेट-नेक’ अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. एका गटात सर्वांसाठी मानेच्या शस्त्रक्रियेचे नियोजन होते. दुसऱ्या गटात केमो-रेडिएशननंतर १२ आठवड्यांनी पेट-सीटी केला आणि शंका उरली तिथेच शस्त्रक्रिया केली. पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात ५४. दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण पहिल्या गटात ८१.५ टक्के आणि दुसऱ्यात ८४.९ टक्के होते. म्हणजे योग्य वेळी केलेल्या स्कॅनमुळे कितीतरी जणांची मान कापायची वाचली, आणि जिवाला धोका वाढला नाही.

‘रेडिएशन लागू पडेल का, हे आधीच कळेल का?’ असेही लोक विचारतात. उपचारांआधीचा पहिला स्कॅन रोग कुठवर पसरला ते दाखवतो आणि किरण कुठे द्यायचे हे ठरवायला मदत करतो. मात्र रिपोर्टमधला ‘एसयूव्ही’चा, म्हणजे गाठ किती साखर ओढते याचा, मोठा आकडा वाचून धीर सोडू नका. तिसऱ्या टप्प्यातल्या फुफ्फुसाच्या कर्करोगावरच्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात उपचारांआधीच्या आकड्यावरून आयुष्याचा अंदाज बांधता आला नाही, उपचारांनंतरच्या आकड्यावरून आला. प्राणवायू कमी असलेल्या गाठीवर किरणांचा परिणाम कमी होतो. तसा भाग दाखवणारी वेगळी औषधे आहेत, पण त्यांचा वापर मुख्यतः संशोधनात होतो. आमच्याकडे तो स्कॅन होत नाही.

आता तयारीचे. सहा तास आधीपासून काही खाऊ नका, बिनसाखरेचा चहासुद्धा नको. साधे पाणी भरपूर प्या. आदल्या दिवशी व्यायाम किंवा जड काम टाळा. रक्तातली साखर २००च्या आत हवी, नाहीतर तीच साखर औषधाला गाठीत शिरू देत नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन स्वतःहून बंद करू नका, तारीख ठरवतानाच आम्हाला सांगा. स्वेटर किंवा शाल आणा, कारण थंडी वाजली की मानेजवळची चरबीही उजळते. इंजेक्शननंतर तासभर शांत पडून राहायचे असते. त्या वेळात बोलू नका, फोन घेऊ नका, सुपारी किंवा च्युइंगगम चघळू नका. स्वरयंत्राचे आणि जबड्याचे स्नायू औषध ओढून घेतात आणि घशाच्या रुग्णाचा रिपोर्ट वाचणे अवघड होते.

वेळ मात्र कृपया पाळा. हे औषध आमच्याकडे तयार होत नाही, पहाटे गाडीने येते आणि दर ११० मिनिटांनी त्याचा जोर निम्मा होतो. तुम्ही दोन तास उशिरा आलात तर ते दुसऱ्या रुग्णासाठी राखूनही ठेवता येत नाही.

गरोदर असल्यास किंवा तशी शंका असल्यास, तसेच बाळाला अंगावर पाजत असल्यास आधीच कळवा. स्कॅननंतर पाणी पीत राहा, लघवी तुंबवू नका आणि त्या दिवशी लहान मुलांना मांडीवर घेऊ नका.

येताना रेडिएशनचा डिस्चार्ज कागद आणि आधीच्या पेट-सीटीची सीडी आणा. नुसता छापील रिपोर्ट पुरत नाही, आमच्या डॉक्टरांना दोन्ही स्कॅनची चित्रे शेजारी-शेजारी लावून पाहावी लागतात.